जुनी टर्बो स्नोमोबाइल: बर्फ पडायच्या आधीची तयारी

गाडी दारात आली की पहिला मोह बॉनेट उघडून टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या चाकाला, हात लावायचा होतो. तो आवरा. आधी टर्बो कंपनीची आहे की मागाहून बसवलेली, याचा निकाल लावा. यामाहा साइडविंडर आणि आर्क्टिक कॅट थंडरकॅट या २०१७ साली आलेल्या जोडीत एकच ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. स्की-डूची ८५० ई-टेक टर्बो २०२० च्या मॉडेलपासूनची, ती टू-स्ट्रोक. अशा कंपनीच्याच टर्बोवाल्या गाडीचं मॅन्युअल मिळवा, त्यातल्या आकड्यांवर विसंबता येतं. किट बसवलेल्या गाडीला मात्र मॅन्युअल अर्धंमुर्धंच लागू पडतं. बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) किती ठेवलाय, ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग बदललंय का, क्लचमध्ये वजनं कोणती, साधं पंपावरचं पेट्रोल चालतं की रेसचंच लागतं, हे सगळं विकणाऱ्याकडून लिहून घ्या. ‘एकदम ओके आहे गाडी’ या उत्तरावर भागवू नका.

काम करायची जागा मोकळ्या हवेची हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. मागचा भाग उचलून धरणारा भक्कम स्टँड, टॉर्क रेंच, टी-हँडल पाने, ग्रीस गन, टॉर्च आणि गाडीसोबत येणारं बेल्ट उघडायचं हत्यार एवढं जमवलंत की बरंच काम होतं. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. टेदरची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी, अंगाला अडकवायची दोरी) ओढून इंजिन लगेच बंद पडतं का, थ्रॉटल सोडल्यावर टचकन मागे येतो का, हे पहिल्याच दिवशी बघा. यातलं एकही बिघडलेलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच दुरुस्त करायचं.

शिकायला सुरुवात बेल्टपासून करा. इंजिनची ताकद पुढच्या क्लचकडून मागच्या क्लचकडे नेतो तो हाच. टर्बोची वाढीव ताकद आधी त्या रबरी पट्ट्यावरच येते आणि भर बर्फात गाडी बंद पडण्याचं नेहमीचं कारणही तोच. टेदर काढा, बाजूचं पॅनल आणि बेल्टचं गार्ड उतरवा, मागचा क्लच हत्याराने फाकवा, बेल्ट सैल होतो. काढताना त्यावरची अक्षरं कुठल्या बाजूने वाचता येत होती ते लक्षात ठेवा, परत बसवताना तशीच दिसली पाहिजेत. मग बेल्ट हातात उलटा वाकवून दातांच्या खाचांत चिरा बघा, कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात का बघा. एकाच जागी झिजून खड्डा पडला असेल तर समजायचं की आधीच्या मालकाने ट्रॅक (गाडीला पुढे ढकलणारा खालचा रबरी पट्टा) गोठलेला असताना थ्रॉटल दाबलाय. रुंदी मोजून मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा. दोन्ही क्लचच्या तिरक्या चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरड्या करा. तिथे ग्रीसचा किंवा तेलाचा थेंबही चालत नाही. बेल्ट उतरवलेला असताना इंजिन कधीही रेस करू नका, भार नसलेला पुढचा क्लच बेफाम फिरतो. नवा बेल्ट टाकला की साधारण पहिले ५० किलोमीटर फुल थ्रॉटल नाही. आणि हा सगळा प्रकार घरी, उजेडात, एकदा हातमोजे घालून करून बघा.

आता टर्बो. याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्यामुळे त्याला स्वच्छ हवा आणि स्वच्छ तेल मिळणं हेच त्याचं खरं मेन्टेनन्स. इंजिन थंड असताना इनटेकचा पाइप काढा आणि आतलं चाक बोटाने फिरवा. ते अडखळता कामा नये. पात्यांच्या कडा खाल्लेल्या नकोत. आडवं हलवल्यावर किंचित हालचाल जाणवली तर चालेल, पण पातं घराला घासायला नको. आत-बाहेर ढकलून मात्र काहीच प्ले (सैलपणा) जाणवू नये. पाइपमध्ये तेलाचा पातळ ओलसर थर बहुधा दिसतोच, तेल साचलेलं दिसलं तर मिस्त्रीकडे. बूस्टच्या होजवर प्रत्येक क्लॅम्प तपासा. जोडाभोवती तेलकट काळा डाग असेल तर हवा तिथूनच गळतेय. एक्झॉस्टजवळच्या वायरी आणि होज भाजल्यात का बघा, हीट शील्ड काढून फेकून देणारे महाभाग बरेच असतात. एअरबॉक्समध्ये उंदराचं घरटं नाही ना, तेही बघून घ्या.

फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, कारण टर्बोही तेच तेल पितो. टू-स्ट्रोकला कंपनीने सांगितलेलंच इंजेक्शन ऑइल. चेनकेस (ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या साखळीची बंद पेटी) असलेल्या गाडीत तिथलं तेल काढताना चुंबकाच्या बोल्टवर काय चिकटलंय ते बघा: बारीक करडा लगदा चालतो, धातूचे तुकडे नाहीत. कूलंट, ब्रेक फ्लुइड, प्लग यांत शिकण्यासारखं फार नाही, बदलून मोकळे व्हा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढा. बूस्टमुळे सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. कमी ऑक्टेनचं किंवा शिळं पेट्रोल अशा वेळी नॉकिंग करतं, म्हणजे नको तेव्हा भडकून ठोके देतं, आणि त्याची किंमत पिस्टन मोजतो.

ट्रॅकसाठी मागचा भाग उचला, मॅन्युअलने सांगितलेलं वजन मधोमध टांगा आणि झोळ मोजा. फार आवळलेला ट्रॅक ताकद आणि बेअरिंग खातो, फार सैल असेल तर दात सोडून उड्या मारतो. मागच्या ॲक्सलचा बोल्ट सैल करून दोन्ही ॲडजस्टर सारखेच फिरवा, मग ट्रॅक सावकाश चालवून तो मधोमध धावतो का बघा. त्या वेळी गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. रेल्सखालच्या प्लास्टिकच्या स्लाइड झिजल्या असतील तर बदला. त्यांना बर्फच वंगण देतो, म्हणून कडक बर्फाच्या वाटेवर स्क्रॅचर (बर्फ खरवडून वर उडवणारे काटे) खाली सोडलेले हवेत.

पिशवीत जादा बेल्ट, प्लग, दोन-तीन होज क्लॅम्प, टेप आणि टॉर्च. निघण्याआधी मागचा भाग उचलून ट्रॅक मोकळा झाल्याची खात्री करा, इंजिन नीट तापू द्या. पहिली दहा-पंधरा किलोमीटर झाल्यावर थांबा, बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवा, मग क्लॅम्प आणि कूलंट बघा. घरी आल्यावर, गाडी थंड झाली की ट्रॅकचा झोळ पुन्हा मोजा, बहुतेक वेळा थोडा वाढलेला असतो.