हिरवा की पिवळा: भिंतीचा रंग ठरवण्याआधीची तयारी

फिकट पिस्ता आणि लिंबोणी पिवळा अशा दोनच छटा उरल्या, तरी शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनांवरून निर्णय घेऊ नये. प्रथम दोन्हींचे क्रमांक लिहून घ्यावेत आणि उत्पादकाने दिलेला असल्यास एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो याचा अंक) हाही नोंदवावा. 0 ते 100 या मापातला हा अंक जितका मोठा, तितका भिंतीवरून अधिक उजेड परत येतो.

नमुन्यासाठी साधारण 2 फूट लांबी-रुंदीचे पांढरे पुठ्ठे घ्यावेत, कडेला पांढरी पट्टी राखून रंगाचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळेपर्यंत मत बनवू नये, कारण इमल्शन (भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग) वाळल्यावर बहुधा थोडे गडद होते. भिंतीला जे फिनिश द्यायचे, मॅट किंवा सॅटिन, तेच नमुन्यालाही हवे.

पुठ्ठे शेजारी-शेजारी ठेवून तुलना करण्याचा मोह टाळावा. पिवळ्याजवळ पिस्ता अधिक थंड आणि हिरवा भासतो, तर हिरव्याजवळ पिवळ्यात नारिंगी झाक जाणवते. प्रत्यक्षात खोलीत दोन्हींपैकी एकच रंग राहणार असल्याने एक नमुना पाहताना दुसरा खोलीबाहेर ठेवावा.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची चाचणी कोपऱ्याची आहे. पुठ्ठा मधोमध दुमडून काटकोनात उभा केला, की घडीपाशी रंग उठून गडद झालेला दिसतो, कारण दोन्ही बाजू एकमेकींवर रंगीत उजेड टाकतात. चारही भिंती रंगवल्यावर हेच संपूर्ण खोलीत घडते, म्हणून भडक पिवळ्याऐवजी एक-दोन पायऱ्या फिकी छटा घेणे श्रेयस्कर. हिरव्याच्या बाबतीत पुठ्ठ्याजवळ बसलेल्या माणसाचा चेहरा पाहावा. त्वचेवर हिरवट झाक येत असेल, तर आरशाजवळच्या भिंतीसाठी तो रंग नकोच.

सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर नमुने पाहावेत, आणि खोली ज्या वेळी सर्वाधिक वापरात असते त्या वेळच्या मताला जास्त वजन द्यावे. 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्यात पिवळा अधिक ऊबदार होतो आणि पिस्ता मळकट वाटू शकतो. 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात पिस्ता खुलतो. दिवे बदलायचे असतील, तर ते आधी बदलावेत.

शेवटी मागणी नोंदवताना पिवळ्या रंगाची झाकण्याची क्षमता अनेकदा कमी असते हे ध्यानात घेऊन पांढऱ्या प्रायमरची आणि जादा हाताची तजवीज ठेवावी, आणि सर्व डबे एकाच बॅचचे घ्यावेत.