जिंजर एल घरी करायचं, तर आधी ‘एल’ समजून घ्या

दुकानातून जिंजर एलचा, म्हणजे आल्याच्या स्वादाच्या फसफसत्या पेयाचा, कॅन आणलात तर पिण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. पाणी, साखर, कार्बन डायऑक्साइड, सायट्रिक आम्ल, स्वाद. यीस्टचा पत्ता नाही. म्हणजे ज्याच्यामुळे त्याला एल म्हणायचं, तेच आत नाही. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे लेबलं वाचायची खोड आहे. आमच्या शेजारच्या अक्का लेबल न वाचताच निकाल देऊन मोकळ्या होतात: “एल म्हणजे दारूच की गं! फ्रिजमध्ये कशाला ठेवलीस?”

अक्का अगदीच चुकीचं बोलत नाहीत. म्हणून आधी त्यांच्या शंकेचं बघू, मग आल्याकडे वळू. एल म्हणजे काय हे कळलं की कृतीतल्या निम्म्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

इंग्रजीत हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘एआलु’च्या जवळपास होता. डेन्मार्क-स्वीडनमध्ये बिअरला आजही त्याच कुळातला शब्द आहे, लिथुआनियात ‘आलुस’ आणि फिनलंडमध्ये ‘ओलुत’. त्याच्याही मागे गेलं की पंडितांचं एकमत होत नाही. कुणी म्हणतं मुळात अर्थ ‘कडू’, कुणी म्हणतं ‘झिंग’ किंवा ‘मंतरलेलं’. उत्तर युरोपात सापडलेल्या जुन्या सोन्याच्या पदकांवर रून लिपीत ‘आलु’ अशी अक्षरं आहेत आणि ती मंत्रासारखी कोरली असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. मी ‘मंतरलेलं’च्या बाजूची. यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि फसफसणं हे त्याचं काम आहे, हे लुई पाश्चरने दाखवून दिलं ते १८५७ नंतर. तोवर झाकून ठेवलेलं गोड पाणी रात्रीतून आपलं आपण उसळायला लागलं, तर माणसाने दुसरं काय समजायचं?

हाच शब्द सोलापुरात रोज हजारो लोकांच्या नजरेखालून जातो. नवी पेठेतून चालत जा आणि ‘ब्रायडल मेकअप’च्या पाट्या बघा. जुन्या इंग्रजीत ‘ब्रीड-एआलु’ म्हणजे नवरीचं एल, अर्थात लग्नाची मेजवानी आणि त्यातलं पिणं. पुढे दोन्ही शब्द चिकटून ‘ब्रायडल’ झालं आणि शेपटातलं एल सगळे विसरले. हे मी अक्कांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या नातीचं लग्न ठरलंय.

मूळचं एल म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, पाणी आणि यीस्ट. ते बहुतेक घरोघरी बायकाच करत, विकणारीला ‘एलवाइफ’ म्हणत. विकायला काढलेल्या एलचा दर्जा तपासायला गावात माणूस नेमलेला असे. शेक्सपिअरचे वडील जॉन हे १५५६ मध्ये स्ट्रॅटफर्डला याच कामावर होते. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून, आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या भागातून, हॉप्स नावाची कडू फुलं घातलेलं पेय इंग्लंडमध्ये रुळलं. त्याला बिअर म्हणायचं आणि बिनहॉप्सच्या जुन्याला एल, असा भेद बराच काळ चालला. मग एलमध्येही हॉप्स पडले आणि तो भेद पुसला गेला. आज मद्याच्या जगात एल म्हणजे वरच्या बाजूला फेस धरणाऱ्या यीस्टने, साधारण १५ ते २४ अंशांत आंबवलेली बिअर. लागर ही बिअरची दुसरी जात, ती आंबते ७ ते १३ अंशांच्या थंडीत आणि नंतर बराच काळ गारठ्यात मुरते.

हे आकडे लक्षात ठेवा, कृतीत लागणार आहेत.

मग आल्याच्या पाण्याला एल कोण म्हणालं? आधी आली जिंजर बिअर. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आलं, साखर आणि पाणी खरोखरच आंबवून ती करत. त्यासाठी यीस्ट आणि जिवाणूंचे पांढुरके खडे वापरायचे, ज्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये मांडला. जिंजर एल हे त्याचं एकोणिसाव्या शतकातलं धाकटं भावंड, पारदर्शक आणि सौम्य. त्यात बेलफास्टचं नाव मोठं होतं. टोरांटोच्या जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९०४ मध्ये ‘कॅनडा ड्राय’ काढलं, तेव्हा गॅस यंत्राने भरला जात होता आणि यीस्टला रजा मिळाली होती. नाव तेवढं राहिलं. गंमत म्हणजे यंत्राच्या सोड्याचा उगमही दारूच्या पिंपापाशीच आहे: १७६७ मध्ये लीड्सला जोसेफ प्रीस्टली यांनी घराशेजारच्या ब्रुअरीत आंबणाऱ्या बिअरच्या वर पाण्याचं भांडं धरलं आणि तो वायू पाण्यात उतरवला. आपल्या गोटी सोड्याची पूर्वपीठिका ही अशी.

तर अक्कांना उत्तर असं: दुकानातलं जिंजर एल हे नावाचं एल, त्यात दारू नाही. घरी आंबवलेलं खरं एल, आणि त्यात अल्कोहोल थोडंसं का होईना तयार होतंच. यीस्ट साखर खातं तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि इथेनॉल ही जोडीच बाहेर पडते, एकाला घेऊन दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. एक-दोन दिवसांत फ्रिजमध्ये टाकलं तर प्रमाण नगण्य राहतं, आठवडाभर बाहेर ठेवलं तर वाढतं. ज्यांना धर्माने, औषधामुळे किंवा स्वतःच्या निश्चयाने एक थेंबही नको, त्यांनी शेवटी दिलेली बिनयीस्टची रीत करावी. लहान मुलांनाही मी तीच देते.

आता आलं. लक्ष्मी मंडईत साताऱ्याकडचं आलं येतं. जून, तंतू असलेलं पण सुरकुतलेलं नाही असं घ्या. साल काढायची नाही, कारण आपल्याला हवं ते यीस्ट सालीवरच बसलेलं असतं. नुसती माती धुवा, घासू नका. सुंठ या कामाला घेऊ नका.

पहिलं काम म्हणजे विरजणासारखं मूळ तयार करणं. स्वच्छ काचेच्या बरणीत दोन कप पाणी, दोन मोठे चमचे किसलेलं आलं सालीसकट, दोन मोठे चमचे साखर. ढवळा, तोंडावर मलमलचा फडका बांधा, ओट्यावर सावलीत ठेवा. रोज एक चमचा आलं आणि एक चमचा साखर घालून पुन्हा ढवळायचं. एवढंच. पण पाण्याचं सांभाळा. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो आणि पाण्याला क्लोरिनचा वास असतो. क्लोरिन जंतू मारतो, तसं यीस्टही मारतो. पाणी उकळून गार करा किंवा पातेल्यात उघडं रात्रभर ठेवून मग वापरा. मूळ धरत नाही अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांना मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारते.

हिवाळ्यात चार-पाच दिवस लागतात. एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या दिवशीच बरणीला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. आल्याचा कीस तळ सोडून वर चढतो, त्याच्यात बुडबुडे अडकून जाळी पडते, ढवळलं की फेस भसकन वर येऊन पुन्हा बसतो. वास आल्याचा, किंचित पावाचा. हे दिसलं की मूळ तयार. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाका, पण हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर बरणीच रिकामी करा. त्यात वाचवण्यासारखं काही नसतं.

पेयासाठी दोन लिटर पाणी घ्या, शंभर ग्रॅम आलं आणि साधारण पावणेदोनशे ग्रॅम साखर. इथे रसायनशास्त्र कामाला येतं. ताज्या आल्याचा ठसका जिंजेरॉलचा. आलं उकळत राहिलं की त्याचं झिंजेरोन होतं, ते मवाळ आणि गोडसर. म्हणून निम्मं आलं चेचून दहा मिनिटं उकळा, निम्मं किसून गॅस बंद केल्यावर घाला आणि झाकण ठेवा. म्हणजे दोन्ही चवी मिळतात. साखर आणि चिमूटभर मीठ त्याच गरम पाण्यात विरघळवा. गार झालं की गाळा, दोन लिंबं पिळा. साखर जास्त वाटेल, पण कमी करू नका. त्यातली काही यीस्टची आहे, तुमची नाही. उरली म्हणजे गोडवा.

मूळ घालताना पाणी कोमट म्हणण्याइतकंही गरम नको. बोट बुडवून काहीच जाणवलं नाही तर बरोबर. घाई करून गरम पाण्यात ओतलंत तर यीस्ट मरतं आणि तुमच्या हाती आल्याचं सरबत राहतं. सरबत वाईट नसतं, पण एल नव्हे. दोन लिटरला गाळलेलं मूळ एक कप पुरतं. बरणीतल्या उरलेल्या मुळात तेवढंच पाणी आणि चमचाभर साखर घालून ठेवा, ते पुढच्या वेळेला चालतं.

बाटल्या मात्र कोल्ड्रिंकच्याच प्लॅस्टिकच्या घ्या. काचेच्या नकोत, पाण्याच्या पातळ बाटल्याही नकोत. कोल्ड्रिंकची बाटली दाब सहन करायला बनवलेली असते, शिवाय दाबून बघता येते, हा तिचा मोठा गुण. गरम पाण्याने धुऊ नका, आकसते. वरची चार बोटं रिकामी सोडून भरा, झाकण घट्ट लावा.

आता ते मघाचे आकडे. एलचं यीस्ट १५ ते २४ अंशांत सुखी असतं. आल्याच्या सालीवरचं रानटी यीस्ट नेमकं तेच असेल असं नाही, पण स्वभाव साधारण तोच. ब्रुअरीत त्यासाठी टाक्या गार ठेवतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, ओटासुद्धा रात्री अकराला कोमट लागतो. अशा वेळी यीस्ट धावत सुटतं, गॅस झपाट्याने भरतो आणि चवीत एक उग्र, थिनरसारखा वास उतरतो. म्हणून उन्हाळ्यात बाटल्या मोठ्या घमेल्यात पाणी घालून उभ्या करायच्या, वर ओलं पोतं किंवा जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा. चादरीला पाणी धरून ठेवायची सवय चांगली. टोक घमेल्यातल्या पाण्यात सोडलं की ती आपोआप ओली राहते, आणि आपल्याकडची कोरडी हवा बाष्पीभवनाला फार अनुकूल. खिडकीपासून लांब, जमिनीवर ठेवा. मुंबईच्या नणंदेला मी हा उपाय सांगत नाही, तिथल्या दमट हवेत तो चालत नाही.

दर काही तासांनी बाटली दाबून बघा. सुरुवातीला बोट आत जातं. बाटली दगडासारखी टणक झाली की झालं, लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात बारा-पंधरा तासांत ही वेळ येते, गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या थंडीत, दोन-तीन दिवस लागतात. घड्याळावर जाऊ नका, बाटलीवर जा. रात्री झोपताना अर्धवट कडक असेल आणि उन्हाळा असेल तर सरळ फ्रिजमध्ये टाका, सकाळपर्यंत वाट बघू नका. थंडीत यीस्ट मंदावतं, थांबत नाही, म्हणून फ्रिजमध्येही आठवड्याच्या आत संपवा.

पूर्ण दिवस फ्रिजमध्ये राहिल्याशिवाय उघडू नका. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, उबदार बाटली उघडली की तो सगळा एकदम निघतो आणि एल छताला लागतं. सिंकमध्ये धरून झाकण थोडं सैल करा, फुस्स झालं की पुन्हा आवळा, असं दोन-तीनदा. तळाला पांढरा साका दिसेल, ते यीस्टच. तो न हलवता वरचं ओता. दुकानातल्यापेक्षा हे गढूळ दिसतं, कमी गोड लागतं आणि घशाला झणका देतं. शेंगाचटणी-कडक भाकरीनंतर तर फारच छान.

मघाशी म्हटलेली बिनयीस्टची रीत म्हणजे अक्कांची, आणि ती सोपी. वरच्यासारखंच पाणी करायचं, पण एक लिटरमध्ये आलं आणि साखर तेवढीच, म्हणजे दाट पाक होतो. गार करून लिंबू पिळून फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात पाव भाग पाक आणि वर सोडा. गोटी सोडा मिळाला तर तोच घ्या, त्याचा गॅस कडक असतो. ढवळू नका, सोडा कडेने ओता. पाक आठ-दहा दिवस टिकतो. अक्का त्यात चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात, आणि त्याला एल म्हणायला त्यांचा ठाम नकार आहे.