रिलेत मागे न बघता बॅटन घ्यायचं कसं

आमच्या घराण्यात पाय सगळ्यांचेच चपळ. बाबा लांब उडीवाले, आत्या खो-खोतली. शाळेच्या चार बाय शंभर रिलेत (चौघींनी शंभर-शंभर मीटर पळून बॅटन, म्हणजे छोटी दांडी, पुढचीच्या हातात द्यायची) माझं नाव लागलं तेव्हा आत्याने लाटणं हातात देऊन अंगणात तालीम घेतली. सध्या भाचीला तेच शिकवतेय.

आधी हात ठरवा. पहिलीच्या उजव्या हातात बॅटन, दुसरी डाव्यात घेईल, तिसरी उजव्यात, चौथी डाव्यात. पळताना हात बदलायचा नाही. पहिली आणि तिसरी वळणावर असतात, त्यांनी लेनच्या आतल्या कडेने पळायचं, दुसरी-चौथीने बाहेरच्या.

खरी मेख खुणेत आहे. बॅटन बदलायचा पट्टा ३० मीटरचा (पूर्वी २० होता, काही सर अजून तोच आखतात). त्याच्या सुरुवातीला उभं राहा. तिथून मागे, टाचेला चवडा लावत पंधरा-वीस पावलं मोजा आणि चिमूटभर फक्की टाका. देणारी त्या फक्कीवर आली की सुटायचं, तेही पूर्ण जोरात. येतेय का ती, म्हणून मान वळवली की गेलं सगळं. खो मिळाल्यावर मागे बघतं का कोणी? धावपटू ललिता बाबरही शाळेत खो-खो खेळायच्या, पुढे २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पळाल्या.

देणारी अंगावर आदळत असेल तर खूण आणखी मागे न्या. तिचा हात पोचतच नसेल तर जवळ आणा. ही जुळवणी स्पर्धेच्या वेगानेच करा. रमतगमत पळून ठरवलेली खूण ऐनवेळी दगा देते.

देणारीची हाक आली की हात मागे, कोपर ताठ, तळवा वर. तो हलवायचा नाही. बॅटन नेमकं तळव्यात ठेवणं हे देणारीचं काम, आणि पकड बसेपर्यंत तिने सोडायचं नाही. सगळ्या लेनमधून ‘घे, घे’ ऐकू येतं, म्हणून हाक वेगळी ठेवा. आमची ‘खो’ होती. पंच पट्ट्यात बॅटन कुठे आहे ते बघतात, तुमचे पाय नाही.

सगळ्यांत वेगवान मुलगी शेवटी ठेवायची हौस प्रत्येक शाळेला असते. बाबांचंही मत तेच. आत्या म्हणते, तिला दुसरी पळवा: घेणं आणि देणं दोन्ही असल्याने तिच्या वाट्याला बॅटन घेऊन जास्त अंतर येतं. मी आत्याच्या बाजूने.