खचलेल्या मनाने शाळेत पुन्हा रुजू होताना

दीर्घ रजेनंतर, पट घसरलेल्या जिल्हा परिषद शाळेत परतणाऱ्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच सगळी शाळा सुधारून दाखवण्याची घाई होते आणि बहुतेकदा हीच घाई त्याला पुन्हा खचवते. म्हणून पहिल्या महिन्यात एकच काम मनापासून करावे, ते म्हणजे प्रत्येक मूल नेमके कुठे अडले आहे हे शोधणे.

रजा वैद्यकीय असेल तर तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि रुजू अहवाल लगेच मुख्याध्यापकांकडे द्यावा. आपल्याकडे कोणते वर्ग राहतील, पोषण आहाराच्या नोंदी कोण ठेवील, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे, कारण द्विशिक्षकी शाळेत या गोष्टी मोघम राहिल्या की ज्या एकमेव सहकाऱ्याचा आधार असतो त्याच्याशीच कुरबुरी सुरू होतात.

त्यानंतरचे काही दिवस पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे आणि एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला व गणित सोडवायला द्यावे. चौथीतला एखादा मुलगा ‘कमळ’, ‘पाटी’ सहज वाचतो, पण ‘रस्त्यावर’ हा शब्द आला की ‘रस’पाशी थांबतो आणि पुढचे चित्र पाहून अंदाजाने सांगतो. त्याला वाचता येत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचे जोडाक्षर तेवढे अडले आहे. ४२ मधून १७ वजा करताना तिसरीतली मुलगी ३५ लिहिते, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन वजा केलेले असतात. तिच्याकडून पाढे घोकून घेऊन काही साधणार नाही. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या तिच्या हातात द्याव्या लागतात. असे निदान हाती आले की ‘या मुलांना काहीच येत नाही’ हे मनावरचे ओझे बरेच हलके होते, कारण उद्या काय शिकवायचे ते आता ठाऊक असते.

मग इयत्ता विसरून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा स्तरांनुसार गट करावेत आणि रोज सकाळचा एक तास त्यांच्यासाठी राखावा. तिसरीपर्यंत मुलांना समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हेच २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे केंद्रप्रमुखांच्या भेटीतही हे काम दाखवता येते. प्रत्येक मुलाची तारीखवार नोंद एका साध्या वहीत ठेवावी.

हा तास मोडतो तो बहुधा ऑनलाइन माहिती भरण्याच्या तगाद्यामुळे. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. माहिती भरण्याचे काम मात्र मागे लागतेच. त्याला दुपारनंतरची ठरावीक वेळ द्यावी आणि हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवावे.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना पटनोंदणीच्या वेळीच आठवावे हे बरे नव्हे. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुलांनाही घेऊन जातात. टोळी निघण्याआधी घरी जाऊन, आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मूल गावातच राहू शकेल का, हे आईवडिलांशी बोलावे. जे मूल गेलेच, ते मार्च-एप्रिलमध्ये परतेल तेव्हा त्याची पुन्हा पहिल्यासारखीच चाचणी घेऊन त्याला योग्य गटात बसवावे.

इतके करूनही झोप लागत नसेल, सकाळी शाळेच्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर ते अंगावर काढू नये. टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे बोलावे आणि गरज वाटल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.