सिरियल लाइन उठत नाही? आधी या चुका टाळा

‘सर, कॉन्फिग सगळं बरोबर आहे, तरी लाइन प्रोटोकॉल डाउन.’ पणजीतून असो की म्हापशातून, मला येणारा फोन बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतो. सिरियल लाइन म्हणजे दोन राउटरांना जोडणारी, एकामागून एक बिट पाठवणारी लाइन; ‘लाइन प्रोटोकॉल डाउन’ म्हणजे तिच्यावरून दोन टोकांचं बोलणं होत नाही. मी एकच विचारतो: शो कंट्रोलर्स ही कमांड काय सांगतेय? पलीकडे शांतता. रनिंग कॉन्फिग (राउटरची चालू सेटिंग्ज) तीनदा वाचून झालेलं असतं, पण पोर्टात कुठली केबल बसली आहे हे राउटरला कोणी विचारलेलंच नसतं.

क्लॉक कोण देणार?

सिरियल लाइनवर एक बाजू क्लॉक, म्हणजे बिट कधी पाठवायचा याचा ठोका, देते, ती डीसीई. दुसरी घेते, ती डीटीई. राउटर यातला कोण, हे तुमची कमांड ठरवत नाही, केबल ठरवते. लॅबमध्ये दोन राउटर थेट एकमेकांना जोडतो तेव्हा मध्ये मोडेम नसतो, म्हणून डीसीई टोक ज्याच्याकडे आहे त्याच्यावर क्लॉक रेट, म्हणजे त्या ठोक्याचा वेग, कमांडने द्यावा लागतो. लीज्ड लाइनवर, म्हणजे कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या कायमच्या लाइनवर, क्लॉक मोडेमकडून येतो आणि राउटर डीटीई असतो. तिथे ती कमांड लागतच नाही. क्लासात पाठ केलेली ओळ दिसेल तिथे टाकायची सवय इथेच नडते.

२००९च्या जुलैत वाळपईतल्या एका पतसंस्थेची ६४ केबीपीएसची लाइन बंद पडली. केबलची पिन वाकली होती. एक नवा मुलगा ती बदलून आला आणि त्यानंतरही दोन दिवस लाइन आलीच नाही. भर पावसात साखळीवरून तिथे पोचलो. वाटेत त्याने फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं, ‘सर, क्लॉक रेट ६४००० दिलाय.’ शो कंट्रोलर्स दिलं, तर उत्तर आलं: डीसीई व्ही.३५ (व्ही.३५ हा केबलचा प्रकार). मोडेमला जोडलेल्या राउटरवर हे दिसताच कामा नये. मागे हात घातला, तर केबल आणि मोडेम यांच्यामध्ये जेंडर चेंजर, म्हणजे दोन सारखी टोकं जोडणारा तुकडा, हाताला लागला. ‘दोन्हीकडे फीमेलच होतं, बसत नव्हतं, म्हणून लावला.’ त्याने लॅबमधली डीसीई केबल उचलून आणली होती. मोडेमही क्लॉक देतोय, राउटरही देतोय, घेणारा कोणीच नाही. माझ्या पिशवीतली डीटीई केबल लावली, क्लॉक रेट काढून टाकला आणि लाइन लगेच वर आली.

केबल चुकली याचा मला राग नव्हता, ती कोणाच्याही हातून चुकेल. राग आला जेंडर चेंजरचा. टोकांचा मेल-फीमेल फरक ठेवलाय तोच अशी चूक अडवायला. केबल बसत नसेल तर हात थांबवायचा. त्या मुलाने तो चेंजर विकणारं दुकान शोधायला अर्धा दिवस घालवला आणि तेवढ्यात पैसे काढायला आलेली म्हातारी माणसं भिजत परत गेली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक डीसीई टोकाला लाल टेप असतो.

डीटीई टोकावर क्लॉक रेट दिलात तर राउटर स्वतःच सांगतो की ही कमांड फक्त डीसीईसाठी आहे. स्क्रीनवर आलेली ती ओळ वाचा.

बँडविड्थने वेग बदलत नाही

क्लॉक रेट बिट्समध्ये देतात, ६४०००. बँडविड्थ किलोबिट्समध्ये, ६४. पहिल्याने लाइनचा खरा वेग ठरतो, दुसरी फक्त राउटिंग प्रोटोकॉलला, म्हणजे डेटाची वाट निवडणाऱ्या यंत्रणेला, सांगायची माहिती. पण म्हणून ती सोडून द्यायची नाही. बऱ्याच सिस्को राउटरांवर सिरियल पोर्टाची बँडविड्थ मुळात १५४४ धरलेली असते आणि त्यावरून ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल कॉस्ट ६४ काढतो; ज्या वाटेची कॉस्ट कमी, ती आधी. आता २ एमबीपीएसची मुख्य लाइन आणि ६४ केबीपीएसची बॅकअप लाइन, दोन्ही तशाच सोडल्या तर कॉस्ट सारखी होते आणि राउटर दोन्हीवरून ट्रॅफिक वाटतो. मग ‘नेट मध्येच हळू होतं’ म्हणून तक्रार येते. बॅकअपवर बँडविड्थ ६४ लिहिली की तिची कॉस्ट १५६२ होते आणि ती गरज पडेपर्यंत गप्प बसते. एका ओळीचं काम, तेही लोक टाळतात.

बाकीचं थोडक्यात. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ (पोर्ट कमांडने बंद ठेवलाय) दिसलं तर नो शटडाउन द्या, केबल उपटू नका. लाइनवर डेटा बांधून पाठवायला सिस्को मुळात स्वतःचं एचडीएलसी वापरतो, त्यामुळे पलीकडे दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर दोन्हीकडे पीपीपी ही सगळ्यांना चालणारी पद्धत ठेवा. निळी चपटी केबल कन्सोलची, म्हणजे राउटरची सेटिंग करायच्या पोर्टाची, तिच्यावर ९६००चा वेग, तिचा या लाइनशी संबंध नाही. क्लॉक सेट ही कमांड घड्याळाची वेळ लावते.

लाइन वर आहे, पण डेटा तुटतोय

शो इंटरफेस या कमांडमध्ये सीआरसी, फ्रेम आणि अबॉर्ट हे चुकांचे तिन्ही आकडे वाढत असतील तर क्लॉकवर किंवा केबलवर संशय घ्या. इथे घाई असलेले लगेच इन्व्हर्ट टीएक्स क्लॉक ही क्लॉक उलटा करणारी कमांड टाकतात. लांब केबलवर क्लॉक आणि डेटाची सांगड सुटते तेव्हा त्याचा उपयोग होतो, हे खरं. पण मी आधी आखूड केबल लावून बघतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पिना हिरवट पडतात, त्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसतो आणि दोन्ही स्क्रू घट्ट करतो. मग क्लिअर काउंटर्स देऊन, म्हणजे आकडे शून्यावर आणून, दहा मिनिटं हात न लावता थांबतो. जुने आकडे तसेच ठेवून बघितलं तर चूक सुधारली की नाही हे कळायला मार्गच राहत नाही. तेवढ्यानंतरही अबॉर्ट वाढतच असतील, तेव्हाच क्लॉक उलटा करतो.