गाडीतल्या फ्रिजच्या मागं पंखे बसवता, पण हवेले रस्ता हाय का?

एप्रिल लागला का आमच्या गाडीतला फ्रिज दुपारी नुसतं कपाट होऊन जाते. गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर, मागच्या सीटा काढून पलंग, ओटा, सिंक बसवलेली, अन् फ्रिज तो गॅसवर, 12 व्होल्टवर अन् 230 वर चालणारा, म्हणजे याच्यात कॉम्प्रेसर नसते, अमोनियाचं पाणी तापवून थंडावा तयार होते. हिंगणघाटवरून सकाळी निघालो अन् पांढरकवडा येईपर्यंत दह्याचा पार बोऱ्या वाजला, तवा ठरवलं का आता याचं काही तरी करायचं.

पहिले फ्रिजवरचं स्टिकर पाहा. त्याच्यावर क्लास लिहिला असते. एन म्हणजे बाहेर 32 डिग्रीपर्यंत, एसटी म्हणजे 38, टी म्हणजे 43. आपल्याकडं नवतप्यात सावलीतच 45 च्या वर जाते, ऊन लागलेल्या पत्र्यामागं तं विचारूच नका. म्हणजे टी क्लासवालाही इथं हद्दीच्या बाहेर काम करून राहिला असते, त्याच्याकडून बर्फाची आशा ठेवू नका, दूध टिकलं तरी खूप झालं.

आता मागची भानगड समजून घ्या. फ्रिजच्या मागं नळ्या अन् पत्र्याच्या पात्या हायेत, आतली गरमी तिथून बाहेर पडते. गाडीच्या अंगाले दोन जाळ्या, एक खाली एक वर. खालून हवा आत येते, तापते, वर चढते, वरच्या जाळीतून निघून जाते, चुलीच्या धुराड्यासारखंच. ते बरोबर झालं नाही का गरम हवा तिथंच गोल गोल फिरत राहते. खिडकी बंद ठेवून कूलर लावला तं खोली कशी चिपचिपी होते, हवेले निघाले जागाच नाही, तसंच हे.

मी काय केलं, वरच्या जाळीत पंखा बसवला पण आत हवा फेकणारा. म्हटलं बाहेरची हवा लागन. वर चढणाऱ्या हवेलेच खाली ढकलत होतो, फ्रिज पहिल्यापेक्षा गरम. त्याहून मोठी चूक म्हणजे मागची पोकळी पाहिलीच नव्हती, नळ्या अन् गाडीची भिंत याच्यात चांगली वीतभर जागा, हवा नळ्यांले न शिवता बाजूनंच निघून जाय. म्हणून पंख्याच्या आधी हे करा: अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा वाकवून असा लावा का नळ्या अन् पत्रा याच्यात इंचभरच जागा राहीन, अन् फ्रिजच्या माथ्यावर तिरपा पत्रा, म्हणजे हवा माथ्यावर अडकून न राहता सरळ वरच्या जाळीकडं वळते. फ्रिजच्या बाजूच्या फटी अॅल्युमिनियम टेपनं बंद करा, गाडीच्या आतली अन् फ्रिजमागची हवा एक व्हायले नको. थर्माकोल तिथं कोंबू नका, बर्नरजवळ तं बिलकुलच नाही. माझा अर्धा फरक तं इथंच पडला, पंखा लावायच्या आधी.

पंखे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले, 120 मिलिमीटर, 12 व्होल्टचे. नागपूरले सीताबर्डीवर भेटतात, नाही तं जुन्या कॅबिनेटमधले काढा. बॉल बेअरिंगवाले घ्या, गरमीत जास्त टिकतात. पंख्याच्या अंगावर हवेच्या दिशेचा बाण असते, तो बाहेरच्या बाजूले ठेवून दोन पंखे वरच्या जाळीच्या आतून बसवा. तारा उलट्या जोडल्या का पंखा उलटा फिरन असं लोकांले वाटते, तो उलटा फिरत नाही, फिरतच नाही, दिशा बदलायची तं पंखाच पलटवा. गॅसच्या धुराच्या तोंडावर मात्र पंखा बसवू नका, पिघळते, अन् ज्योतीवर हवा गेली तं ज्योत विझते.

वायरिंग सोपं हाय. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ 2 अँपिअरचा फ्यूज, मंग थर्मल स्विच, मंग पंखे, दोन्ही पॅरलल. स्विच केएसडी 301, 'नॉर्मली ओपन'वालाच मागा, गरम झाल्यावर जोडणारा. दुकानदार उलटा देऊन देतात, म्हणून घरी मल्टिमीटर लावून गरम पाण्याच्या गिलासाले टेकवून पाहा. किती डिग्रीचा? 40 चा घेतला तं मे महिन्यात दिवसभर चालूच राहीन, मी 50 चा लावला, फ्रिजमागच्या वरच्या पत्र्याच्या पात्यांले टेकवून. कोणाले त्या स्विचच्या जागी डब्ल्यू 1209 मॉड्युल, म्हणजे डिग्री सेट करून पंखा चालू-बंद करणारं छोटं सर्किट, लावायचं असन तं सेटिंगमधी 'पी झिरो' सी वर ठेवा, एच वर ठेवलं का थंडीत पंखा फिरन अन् गरमीत बंद होईन.

बॅटरीची काळजी करू नका. पंखा 0.15 अँपिअरचा धरला तं दोन्ही मिळून 24 तासात 7.2 अँपिअर-अवर. गाडी चार्ज होताना व्होल्टेज 14 च्या वर जाते, म्हणून मी मधात एक बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारं सर्किट, टाकून 11 वर ठेवलं, आवाजही कमी.

जमलं का नाही ते हातानं समजत नाही. एका गिलासात पाणी भरून त्याच्यात थर्मामीटर ठेवा, फ्रिजमधी मधल्या कप्प्यात, रात्रभर राहू द्या अन् दुसऱ्या दिवशी दुपारी 3 वाजता वाचा, पंखे बंद ठेवून एक दिवस, चालू ठेवून एक दिवस. 5 च्या आसपास आलं तं दूध-भाजीची चिंता नाही.

खालच्या जाळीचं तोंड कधी बंद करू नका, गॅस हवेपेक्षा भारी असते, गळला तं तिथूनच बाहेर जाते. मच्छरजाळीचं कापडही नको, धूळ बसली का हवा बंद. अन् आपल्याकडं कापूस वेचणीच्या दिवसात रस्त्यानं गाडी फिरवली तं रुई पंख्याच्या पात्यांत अशी गुंडाळते का काय सांगू, महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं साफ करा. चिखलदऱ्याले गाडी उताराले लावून ठेवली असन अन् तरी फ्रिज थंडा होत नसन तं पंखे खोलत बसू नका, पहिले चाकाखाली दगड देऊन गाडी सपाट करा, हा फ्रिज तिरपा चालतच नाही.