इंग्रजी शब्दांच्या 'खऱ्या' गोष्टी फॉरवर्ड करताना या चुका टाळा

पॉश या शब्दाची गोष्ट मी आजवर किमान दहा-बारा जणांना तरी सांगितली असेल. तुम्हीही ऐकली असेलच, म्हणजे विलायतेहून मुंबईला बोटीने यायचं तर येताना डाव्या बाजूची केबिन बरी आणि परत जाताना उजव्या बाजूची, तिकडं ऊन कमी लागतं म्हणून पैसेवाले साहेब लोक तशाच केबिनी घ्यायचे, आणि त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी) ची चार आद्याक्षरं मारलेली असायची, पी ओ एस एच, झाला पॉश. एका लग्नात जेवताना मी हे रंगवून सांगत होतो तर शेजारचे एक आजोबा, सगळी नोकरी जहाजावर झालेली, जिलबी संपवून शांतपणे म्हणाले, "असं तिकीट बघितलंयस का तू?"

नव्हतं बघितलं. घरी येऊन शोधलं तर कळलं की कुणीच बघितलेलं नाहीये. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजपर्यंत सापडलेलं नाही, आणि हा किस्सा छापून यायला लागतो तो १९३० च्या दशकात, शब्द मात्र त्याच्या वीसेक वर्षं आधीपासून 'एकदम झकपक' याच अर्थाने चालू होता. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या चोरांच्या बोलीत पॉश म्हणजे चिल्लर, अर्धी पेनी. रोमानी लोकांच्या, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या, भाषेत पॉश म्हणजे अर्धा. आजचा पॉश तिथूनच आला असावा असा एक अंदाज आहे, पक्कं कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे रोमानी ही भाषा मूळची भारतातून गेलेली, म्हणजे भारताचा संबंध असलाच तर बोटीच्या केबिनीमुळे नाही.

तेव्हापासून मी जरा जपून असतो. फॅमिली ग्रुपवर आठवड्याला एक तरी असा मेसेज पडतो आणि त्यातल्या चुका त्याच त्याच असतात.

आद्याक्षरं दिसली की भुलायचं

न्यूज म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ, गोल्फ म्हणजे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' (फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी), वेटरची टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' (लवकर काम व्हावं म्हणून). तिन्ही बोगस. आद्याक्षरं जोडून त्याचा एक शब्द म्हणून उच्चार करायची सवय इंग्रजीला खरी लागली ती विसाव्या शतकात, त्यातही महायुद्धांच्या काळात, लष्कराला लांबलचक नावं आटोपशीर करायची होती म्हणून. रडार हा शब्द तसा बनलाय, १९४० च्या आसपास. पण गोल्फ? स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली होती, पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागं पळतायत म्हणून. म्हणजे शब्द तेव्हाच कायद्यात होता आणि तेव्हा असली आद्याक्षरं कुणी जोडत नव्हतं. न्यूज हे साधं 'न्यू' चं अनेकवचन, नव्या गोष्टी, बस. टिप ही सतराव्या शतकातल्या चोरांच्या बोलीतली, अर्थ 'दे, सरकव'.

आता तुम्ही म्हणाल की ओके चं काय. बरोबर, तो अपवाद आहे आणि मला सगळ्यात आवडणारा अपवाद आहे. १८३० च्या दशकात बॉस्टनच्या पेपरवाल्यांना एक खूळ लागलं होतं, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि मग त्याची आद्याक्षरं वापरायची, आपली कॉलेजची पोरं चॅटवर करतात तसलाच टाइमपास. 'ऑल करेक्ट' चं 'ऑल कोरेक्ट' केलं, ओ आणि के ने सुरू होणारं, आणि २३ मार्च १८३९ ला बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते ओके छापून आलं. बाकीचे असले शब्द वर्षा-दोन वर्षांत मेले, हा जगला कारण १८४० च्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरेन उभा होता, गाव किंडरहूक, त्याच्या समर्थकांनी त्याला 'ओल्ड किंडरहूक' करून ओके क्लब काढले. हे सगळं ॲलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकाने जुने पेपर चाळून १९६० च्या दशकात बाहेर काढलं. बघा, तारीख आहे, पेपरचं नाव आहे, कुणीही जाऊन बघू शकतं. पॉशच्या किश्शात यातलं काय होतं?

तारीख न बघणं

डब्लिनच्या डेली नावाच्या नाटकवाल्याने पैज लावली की चोवीस तासांत नवा शब्द रूढ करून दाखवतो, रातोरात भिंतींवर 'क्विझ' लिहून घेतलं, सकाळी अख्खं गाव विचारतंय हे काय, ही गोष्ट साधारण १७९१ ची सांगतात. पण १७८२ च्या लिखाणात क्विझ आहे, 'विक्षिप्त माणूस' अशा अर्थाने. संपला विषय. गोष्टीत पैज, राजा किंवा एकच हुशार माणूस दिसला की मी आधी साल शोधतो.

सारखं ऐकू आलं म्हणजे नातं

ही आपल्या लोकांची लाडकी चूक, आणि मीही केलेली. संत आणि सेंट. आवाज जवळपास एक, अर्थ जवळपास एक, तुकोबांच्या इंग्रजी पुस्तकावर सेंट तुकाराम लिहिलेलं असतं, मग नातं असणारच ना? नाहीये. संत आला संस्कृतच्या 'सत्' वरून, म्हणजे असणं, खरं असणं. सेंट आला लॅटिन 'सांक्टुस' वरून, पवित्र केलेला. दोन वेगळी मुळं, योगायोगाने शेजारी आली. तसंच बदनाम, बदमाश मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', अर्थ तोच, नातं शून्य.

खरी नाती उलट पटकन दिसतच नाहीत. पाद आणि फूट, पितृ आणि फादर, दंत आणि टूथ, दश आणि टेन. संस्कृतमध्ये 'प' असेल तिथं इंग्रजीत 'फ', 'द' असेल तिथं 'ट', हे एका शब्दात नाही तर शब्दामागून शब्दात घडतं, म्हणून ते नियम म्हणून टिकतं, याकोब ग्रिम या जर्मन भाषाअभ्यासकाने १८२२ मध्ये तो मांडला. नुसता आवाज जुळून उपयोग नाही, फरकसुद्धा ठरलेल्या पद्धतीने पडायला हवा.

आणि इथूनच पुढची उडी मारली जाते की बघा, इंग्रजी संस्कृतमधून निघाली. नाही हो. विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशाने २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्यात भाषण दिलं त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नाही असं म्हटलं होतं. म्हणजे आई-लेक नाही, चुलत बहिणी. ग्रुपवर हे लिहिलं की एक काका दोन दिवस बोलत नाहीत, तेवढं सोसायचं.

मधला रस्ता गाळणं

ऑरेंज संस्कृत 'नारंग' वरून आला हे खरं आहे. पण सोबत असंही सांगतात की इंग्रज लोक 'अ नॉरेंज' म्हणता म्हणता 'ॲन ऑरेंज' म्हणायला लागले आणि 'न' गळला. तो न इंग्लंडला पोचायच्या आधीच गळला होता! फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा इथपर्यंत न शाबूत, फ्रेंच आणि इटालियनच्या टप्प्यावर गेला. 'अ' ने खरोखर न खाल्ला तो एप्रनचा, तो आधी नेप्रन होता, नॅपकिनचा भाऊबंद.

आणि इतकी ओढाताण करताना आपल्या घरातलं मात्र विसरतो. मुंगूस घ्या, इंग्रजी माँगूस थेट मराठीतून गेलाय, बऱ्याच डिक्शनऱ्यांत मराठीचं नाव लिहिलेलं असतं. म्हणून त्याचं अनेकवचन माँगीस होत नाही, गूसशी त्याचा काय संबंध. टँकचंही तसंच बघण्यासारखं आहे, गडावरचं पाण्याचं टाकं आणि गुजराती टांकं एका बाजूला, पोर्तुगीज 'टांक' दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले असावेत असं बरेच जण मानतात. मग पहिल्या महायुद्धात, १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत चिलखती गाड्या उतरल्या त्यांनाही तेच नाव, कारण बनवताना गुपित फुटू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनतायत असं भासवलं होतं.

शंका आली तर मी आता एवढंच करतो, ऑक्सफर्ड डिक्शनरीत किंवा एटिमऑनलाइन या शब्दांची मूळं सांगणाऱ्या वेबसाइटवर त्या शब्दाचा सगळ्यात जुना वापर कधीचा ते बघतो, आणि मराठीचा संबंध सांगत असतील तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतो, १८५७ ची आवृत्ती ऑनलाइन फुकट आहे. पाच मिनिटं लागतात.

कधी कधी पाच मिनिटांनी हाती काहीच लागत नाही. डॉग घ्या. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला हुंड म्हणायचे, आजचा हाउंड, तो आपल्या श्वानाचा सख्खा चुलतभाऊ, शत आणि हंड्रेडमध्ये पडतो तोच श-ह चा फरक. पण डॉग कुठून उपटला आणि त्याने हाउंडला घराबाहेर कसं काढलं हे आजही कोडं आहे. पिगचंही तेच. मी ग्रुपवर प्रामाणिकपणे लिहिलं, 'डॉगचं मूळ अज्ञात.' मावशीचं लगेच उत्तर, "म्हणजे तुला येत नाही, असं सांग ना सरळ."